शिडी काढून घेऊ नका: एक्सेटरची गोष्ट आणि इंग्लिश रग्बीचा वाद

इंग्लंडमधे रग्बी युनियनच्या सगळ्यात वरच्या लीगबद्दल, म्हणजे प्रीमियरशिपबद्दल, गेली काही वर्षं एकच वाद सारखा डोकं वर काढतोय. वरचे जे काही क्लब आहेत तेवढेच कायमचे धरायचे, खालून कोणी वर येणार नाही आणि वरचा कोणी खाली जाणार नाही, असं करून टाकायचं का? पैसा लावणाऱ्यांना हे हवंय, कारण आपला क्लब पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमधे गेला तर लावलेल्या पैशाचं काय, ही भीती त्यांना असते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण माझं मत अगदी स्पष्ट आहे, हे करू नये. आणि ते मत नुसत्या जुन्या गोष्टींच्या प्रेमापोटी नाहीये, त्यामागे एका क्लबचा सगळा प्रवास आहे, तो क्लब म्हणजे एक्सेटर.

एक्सेटर हे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडचं, डेव्हन काउंटीमधलं शहर. सव्वा-दीड लाख वस्ती, मोठं कॅथेड्रल, युनिव्हर्सिटी, आजूबाजूला शेती आणि डेअरी. तिथला रग्बी क्लब १८७१ चा, म्हणजे लंडनमधे २१ क्लबांनी एकत्र येऊन इंग्लंडची रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली त्याच वर्षीचा. क्लबचं जुनं ग्राऊंड सेंट थॉमस भागात, काउंटी ग्राऊंड. तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या, स्पीडवेच्या मोटरसायकली पळायच्या आणि मधे रग्बी. याच मैदानावर १६ सप्टेंबर १९०५ ला न्यूझीलंडच्या संघाने ब्रिटनच्या दौऱ्यातली पहिली मॅच खेळली, डेव्हन काउंटीच्या टीमविरुद्ध, आणि ५५-४ ने जिंकली. पाहुण्यांनी एवढे पॉइंट केलेत यावर तेव्हा लोकांचा विश्वासच बसेना, आकडे उलटे आलेत की काय असं वाटलं होतं म्हणे. म्हणजे इतिहासाची कमतरता या जागेला कधीच नव्हती, कमी होतं ते वर जायचा रस्ता.

हे समजायला एक गोष्ट माहीत असायला हवी. इंग्लंडमधे रग्बी युनियनच्या क्लबांना १९८७ पर्यंत देशभराची लीगच नव्हती. १८९५ मधे उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले, का, तर कामावरून सुट्टी घेऊन खेळणाऱ्या कामगार खेळाडूंचा बुडालेला पगार भरून द्यायचा की नाही यावरून, आणि त्यातून पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ तयार झाला. युनियनवाल्यांनी मात्र त्यानंतर जवळपास शंभर वर्षं पैसे आणि चुरशीच्या लीग या दोन्हीकडे संशयाने पाहिलं. क्लब आपापसात ठरवून मैत्रीच्या मॅच खेळायचे, मोठे क्लब मोठ्यांशी, छोटे छोट्यांशी, कोणाशी खेळायचं ते सेक्रेटरीच्या ओळखींवर ठरायचं. नंतर १९७० च्या दशकात नॉकआऊट कप आला आणि पुढे मेरिट टेबल, म्हणजे निवडक क्लबांची क्रमवारी, वगैरे आले, पण तुम्ही कितीही चांगले खेळलात तरी तुमची जागा साधारण ठरलेली. मग १९८७ मधे देशभर एकाखाली एक अशा डिव्हिजन लावल्या गेल्या आणि पहिल्यांदाच अगदी गावातल्या क्लबपासून वरच्या लीगपर्यंत एक सलग शिडी उभी राहिली. माझ्या मते इंग्लिश क्लब रग्बीच्या इतिहासातली ती सगळ्यात न्याय्य सुधारणा होती, १९९५ मधे खेळ प्रोफेशनल झाला त्याहूनही मोठी.

एक्सेटरने ती शिडी कशी चढली ते बघण्यासारखं आहे, कारण ते अजिबात झटपट नव्हतं. १९९६ मधे चौथी डिव्हिजन जिंकली, लगेच १९९७ मधे तिसरी जिंकली आणि दुसऱ्यात आले. आणि मग तिथे तेरा वर्षं अडकले. तेरा! या काळात टोनी रो नावाचे स्थानिक व्यावसायिक, जे आधी स्पॉन्सर म्हणून आले होते आणि ज्यांची टेलिकॉम कंपनी तिथलीच, ते क्लबचा कारभार बघायला लागले. त्यांनी आणि सभासदांनी जो निर्णय घेतला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवे खेळाडू विकत घेण्यात पैसे घालण्याऐवजी त्यांनी जुनं काउंटी ग्राऊंड विकलं आणि शहराच्या कडेला मोटरवेजवळ सँडी पार्क हे नवं मैदान बांधलं. ते २००६ मधे सुरू झालं. ते नुसतं मैदान नव्हतं, सुरुवातीपासूनच तिथे कार्यक्रमांचे हॉल, कॉन्फरन्सची सोय, म्हणजे आठवड्यात मॅच नसेल तेव्हासुद्धा लग्न, मीटिंगा, पार्ट्या यातून पैसा येत राहील असा विचार होता. आणि जागा क्लबची स्वतःची. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पेपरात हेडलाइन होत नाही, पण नंतर जे जे क्लब बुडाले त्यांची कहाणी वाचली की कळतं की या कंटाळवाण्या गोष्टीवरच सगळं उभं होतं.

२००९ मधे रॉब बॅक्स्टर हेड कोच झाले. हे जवळच्याच शेतकरी घरातले, तरुणपणापासून याच क्लबकडून खेळलेले, अनेक वर्षं कॅप्टन. बाहेरून कोणी मोठं नाव आणलं नाही. आणि पहिल्याच सीझनला, मे २०१० मधे, दोन मॅचच्या फायनलमधे ब्रिस्टलला हरवून टीम वर गेली. घरच्या मैदानावर ९-६ अशी कशीबशी जिंकली आणि मग ब्रिस्टलच्या मैदानावर जाऊन २९-१०. त्या दुसऱ्या मॅचमधे गॅरेथ स्टीनसनने एकट्याने २४ पॉइंट लाथेने काढले. बरेच जाणकार म्हणत होते की वर्षभरात परत खाली येतील. त्यांची पहिलीच प्रीमियरशिप मॅच ग्लॉस्टरशी, ती सँडी पार्कवर २२-१० ने जिंकली आणि खाली काही ते आले नाहीत.

मग २०१७ मधे, लंडनच्या ट्विकनम स्टेडियमवर फायनल, समोर वॉस्प्स क्लब, ऐंशी मिनिटांनंतर २०-२० आणि जादा वेळेच्या शेवटाकडे त्याच स्टीनसनची पेनल्टी, २३-२०. २०१० ला ज्याने वर आणलं त्यानेच चॅम्पियन केलं! त्याआधी २०१६ ला आणि नंतर २०१८, २०१९ ला फायनलमधे लंडनच्या सॅरसेन्स क्लबकडून हार. आणि इथे थांबून एक सांगायलाच हवं, की नोव्हेंबर २०१९ मधे सॅरसेन्स पगारमर्यादेचा, म्हणजे क्लबने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा याचा, नियम मोडल्याबद्दल दोषी ठरले, त्यात २०१८ आणि २०१९ चे दोन्ही सीझन होते, ५० लाख पौंडांहून जास्त दंड झाला, पॉइंट कापले गेले, शेवटी खालच्या डिव्हिजनमधे पाठवलं गेलं, पण त्या दोन ट्रॉफी त्यांच्याकडेच राहिल्या. मला हे आजही पटत नाही. नियमात राहून खेळणाऱ्या टीमला त्या दोन दुपारी काय वाटलं असेल याची भरपाई कुठल्याच दंडाने होत नाही.

ऑक्टोबर २०२० मधे एका आठवड्यात दोन्ही झालं. १७ तारखेला ब्रिस्टलच्या ॲश्टन गेटवर, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममधे, पॅरिसच्या रासिंग ९२ ला ३१-२७ हरवून युरोपचे चॅम्पियन, आणि २४ तारखेला वॉस्प्सला १९-१३ हरवून इंग्लंडचे. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या डिव्हिजनमधे असलेला क्लब. आणि टीममधे हेन्री स्लेड प्लिमथचा, सॅम सिमंड्स टॉर्कीचा, ल्यूक कोवन-डिकी आणि जॅक नोवेल कॉर्नवॉलचे, म्हणजे ज्या कोपऱ्याकडे वरच्या रग्बीने कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं त्याच कोपऱ्यातली ही पोरं. एक्सेटर वर आला नसता तर यातले काही जण लंडनकडे गेले असते, काही खेळ सोडून कामाला लागले असते, आणि डेव्हन-कॉर्नवॉलच्या शाळांमधल्या मुलांना आपल्या घरापासून तासा-दोन तासाच्या अंतरावर युरोपचा चॅम्पियन संघ बघायला मिळाला नसता.

आता लीग बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकूया, कारण त्यांच्याकडे एक खरंच वजनदार मुद्दा आहे. २०२२ च्या सप्टेंबरमधे वूस्टर बुडाला, ऑक्टोबरमधे वॉस्प्स, जून २०२३ मधे लंडन आयरिशला लीगमधून काढलं. एका सीझनमधे तीन क्लब. खेळाडू, फिजिओ, ऑफिसमधली माणसं, ग्राऊंड सांभाळणारे, सगळे एका रात्रीत रस्त्यावर. युक्तिवाद असा की खाली जायच्या भीतीने मालक ऐपतीबाहेर पगार देतात, ती भीती काढा म्हणजे खर्च आवरेल. ऐकताना पटतं. पण तारखा बघा. २०२०-२१ मधे कोविडमुळे खाली पाठवणं रद्द केलं होतं आणि त्यानंतरच्या दोन सीझनसाठीही ते थांबवून ठेवलं होतं, लीग बारावरून तेरा क्लबांची झाली ती त्याचमुळे. म्हणजे हे तिन्ही क्लब बुडाले तेव्हा खेळून खाली जायची भीती कोणालाच नव्हती! शिडी उचलून ठेवलेली असतानाच घर कोसळलं, मग दोष शिडीचा कसा?

दोष कशाचा ते वॉस्प्सकडे बघितलं की कळतं. १८६७ चा क्लब, २००४ आणि २००७ चा युरोपियन चॅम्पियन. पण स्वतःचं घर नाही. लंडनमधलं सडबरीचं जुनं ग्राऊंड सुटलं, मग लॉफ्टस रोड, मग हाय विकम, आणि डिसेंबर २०१४ मधे थेट कॉव्हेंट्री, लंडनपासून दीडशे किलोमीटरवर, तिथलं मोठं स्टेडियम विकत घेतलं आणि २०१५ मधे साडेतीन कोटी पौंडांचे बाँड विकून पैसा उभा केला. ते बाँड मे २०२२ मधे परत करायचे होते, ते जमलं नाही, वर टॅक्सची थकबाकी. दीडशे वर्षांच्या क्लबने आपला जुना पाठीराखा मागे सोडला आणि नवा मिळवण्यासाठी कर्ज काढलं, हे गणित कधी जुळणारच नव्हतं असं मला वाटतं, मग लीग उघडी असो की बंद.

वूस्टरचं जास्त वाईट वाटतं, कारण तो क्लबसुद्धा एक्सेटरसारखाच खालून वर आलेला, सेसिल डकवर्थ या स्थानिक उद्योजकाने वर्षानुवर्षं जीव ओतून उभा केलेला, २००३-०४ मधे दुसऱ्या डिव्हिजनच्या २६ पैकी २६ मॅच जिंकून वर आलेला. त्यांच्यानंतर मालक बदलत गेले आणि शेवटी टॅक्स थकला, पगार थकले. पण उत्तर काय असायला हवं होतं? हिशेब दरवर्षी कोणीतरी कडकपणे तपासणं. ते झालं नाही, आणि त्याचं खापर लीगच्या रचनेवर फोडलं जातंय.

फ्रान्सकडे बघा ना. तिथे वरच्या लीगमधून दरवर्षी कोणीतरी खाली जातं, खालून कोणीतरी येतं, आणि स्टेडियम भरलेली असतात. ला रोशेल हे अटलांटिकच्या काठावरचं ऐंशी हजाराच्या आसपास वस्तीचं बंदराचं गाव, क्लब १८९८ चा. २०१० मधे वर आले, २०११ मधे लगेच खाली गेले, २०१४ मधे परत आले, आणि २०२२ व २०२३ अशी सलग दोन वर्षं युरोपचे चॅम्पियन, दोन्ही वेळा फायनलमधे आयर्लंडच्या लेन्स्टरला हरवून, दुसऱ्यांदा तर डब्लिनमधे जाऊन २७-२६ ने. खाली जाण्याने तो क्लब संपला नाही. आणि तिथे एक खास यंत्रणा आहे, तिचं काम एकच, क्लबांची पुस्तकं तपासणं. हिशेब नीट नसेल, पुढच्या सीझनचा पैसा कुठून येणार ते दाखवता आलं नाही, तर मैदानावर जिंकलेल्या क्लबलासुद्धा ती खालच्या डिव्हिजनमधे पाठवू शकते. शिडीही ठेवायची आणि कठडाही लावायचा, दोन्ही जमतं.

उलट बाजूचं उदाहरण वेल्सचं. २००३ मधे तिथे वरच्या पातळीवरचे जुने क्लब एकत्र करून पाच रीजनल टीम बनवल्या, का, तर थोडक्या टीम असतील तर पैसा पुरेल. त्यातली पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड यांची मिळून केलेली सेल्टिक वॉरियर्स एका सीझननंतर, २००४ मधे, बंद. वेल्सच्या ज्या खोऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या खेळाडू आले तिथल्या लोकांना आपली म्हणावी अशी टीमच वरच्या पातळीवर उरली नाही. वरून आखलेल्या नकाशाने प्रेक्षक तयार होत नाहीत. आयर्लंडमधे बंद लीग चालते असं कोणी म्हणेल, पण मन्स्टर आणि लेन्स्टर हे काल बनवलेले ब्रँड नाहीत, ते प्रांत आहेत आणि त्या प्रांतांच्या टीम शंभराहून जास्त वर्षं खेळतायत.

आता इंग्लंडमधे प्रत्यक्षात काय चाललंय? कागदावर शिडी आहे पण तिच्या पायऱ्या एकेक करून काढल्या जातायत. २०२० मधे दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबांना युनियनकडून मिळणारी मदत जवळपास निम्मी केली. २०२२ मधे ईलिंग ट्रेलफाइंडर्सने दुसरी डिव्हिजन जिंकली, आणि त्यांना वर घेतलं नाही, कारण १०,००१ प्रेक्षकांचं स्टेडियम नाही. ईलिंगच्या मागेही एक श्रीमंत माणूस आहे हे मला माहीत आहे, त्यांची गर्दीही छोटी असते, म्हणून त्यांच्याबद्दल कोणाला फार कळवळा येत नाही. पण मुद्दा ईलिंगचा नाहीच. तुम्ही मैदानावर जिंकलात आणि तरी वर येऊ शकत नाही, तर मग ती डिव्हिजन खेळायची कशाला? कॉर्निश पायरेट्स हा क्लब तर कॉर्नवॉलमधे पेन्झन्सच्या टोकाला बसलेला, जिथे रग्बी हा लोकांचा रक्तातला खेळ आहे, त्यांनी दहा हजारांचं स्टेडियम कुठल्या पैशातून आधी बांधायचं? नंतर नियम थोडा सैल केला, आधी पाच हजार असलं तरी चालेल, पुढे वाढवा असा, पण तोपर्यंत कितीतरी सीझन वाया गेले होते. आणि वर आलंच कोणी तर जुन्या क्लबांना मिळणारा टीव्हीचा आणि स्पॉन्सरचा वाटा नव्या क्लबला तेवढाच मिळत नसे, म्हणजे आधीच हात बांधून शर्यतीत उभं करायचं.

सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने २०१८ च्या शेवटी प्रीमियरशिपचा २७ टक्के हिस्सा घेतला, २० कोटी पौंडांच्या वर पैसा आला. चारच वर्षांत क्लब बुडायला लागले. पैसा आला की स्थैर्य येतं हे इतकं सरळ नाहीये. २०२५ मधे न्यूकासलचा क्लब रेड बुल या कंपनीने विकत घेतला, नावही बदललं. तिथल्या लोकांचा क्लब वाचला याचा मला आनंदच आहे, मी मोठ्या पैशाच्या सरसकट विरोधात नाही. पण त्या पैशासाठी अट म्हणून खालच्या सगळ्यांचा रस्ता कायमचा बंद करायचा असेल तर किंमत फार जास्त आहे, आणि ती भरणारे वेगळेच लोक आहेत.

कोणी म्हणेल एक्सेटरचं तरी पुढे काय झालं? बरोबर आहे, प्रश्न टाळून चालणार नाही. कोविडने त्यांचेही हॉल आणि कॉन्फरन्स रिकामे पडले, कर्ज झालं, पगारमर्यादा खाली आली आणि २०२३ मधे नोवेल, सिमंड्स असे घरचेच मोठे खेळाडू फ्रान्सला गेले आणि कोवन-डिकी इंग्लंडमधल्याच सेल क्लबकडे. २०२४-२५ मधे दहा क्लबांत नववा नंबर, एप्रिलमधे ग्लॉस्टरने ७९-१७ असं झोडपलं. वाईट सीझन होता. पण मी म्हणतो की त्या वर्षी एक्सेटरच्या खाली कोणी लायक क्लब तयार असता आणि एक्सेटर घसरून शेवटचा आला असता, तर तो खाली जायलाच हवा होता. ज्या नियमाने त्यांना २०१० मधे वर आणलं तोच नियम त्यांनाही लागू, नाहीतर मी एक्सेटरचं नाव घेऊन जे काही बोलतोय त्याला अर्थ नाही. आणि खाली जाणं म्हणजे मरणं नव्हे. लंडनजवळचा रिचमंड, १८६१ चा क्लब, १९९९ मधे मालकाने हात काढून घेतला आणि प्रोफेशनल टीम बुडाली, क्लबने सभासदांच्या जोरावर लीगच्या अगदी तळापासून परत सुरुवात केली आणि २०१६ मधे दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत आला. ते करता आलं कारण तळापासून वरपर्यंतचा रस्ता जोडलेला होता आणि कारण मैदान आणि माणसं जागेवर होती. वूस्टरसुद्धा २०२५ मधे दुसऱ्या डिव्हिजनमधे परत खेळायला लागला. लीग कायमची बंद केली तर वूस्टरच्या सिक्सवेज स्टेडियममधे परत आलेल्या त्या लोकांना आपण सांगणार काय, की खेळा पण इथपर्यंतच?

मला विचाराल तर करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. स्टेडियमच्या खुर्च्या मोजण्याआधी क्लबची पुस्तकं तपासा, वरच्या दहाचीही आणि चढू पाहणाऱ्यांचीही, दरवर्षी, आणि नापास झालेल्याला सीझन सुरू व्हायच्या आधी थांबवा, मधेच नाही, म्हणजे ऑक्टोबरमधे खेळाडू बेकार होणार नाहीत. मैदान क्लबच्या किंवा गावाच्या मालकीचं असेल तर त्याला जास्त गुण द्या. वर येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पैशाचा पूर्ण वाटा द्या आणि स्टेडियम वाढवायला तीन-चार वर्षं द्या. खाली जाणाऱ्याला दोन वर्षं पुरेल एवढा आधार द्या, म्हणजे भीतीपोटी उधळपट्टी होणार नाही. दुसऱ्या डिव्हिजनची मदत परत वाढवा, कारण एक्सेटर तिथे तेरा वर्षं तग धरून राहिला तेव्हाच सँडी पार्क उभं राहू शकलं, आणि पुढचा असा क्लब, कॉर्नवॉलचा असो की यॉर्कशायरचा, आत्ता त्याच डिव्हिजनमधे नाहीतर तिच्याही खाली कुठेतरी खेळत असणार.